तेरला जायला सोय नाही म्हणे!

स्कॉटलंडच्या बारा बेटावर विमान चक्क समुद्रकाठच्या वाळूत उतरतं, तेही ओहोटी बघून. आमच्या ऑफिसातले लोक या प्रवासाच्या एक्सेल शीट बनवतात. तेच लोक धाराशिवजवळच्या तेरबद्दल म्हणतात, "स्वतःची गाडी नसेल तर सोय नाही रे."

अहो, पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'मध्ये तेरचा, म्हणजे तगरचा पत्ता दिलाय: पैठणहून पूर्वेला दहा दिवस. तिथला माल धड रस्ता नसलेल्या मुलखातून बैलगाड्यांवर भडोचला जायचा! आज मुंबईहून रात्रीच्या रेल्वेत झोपा, पहाटे धाराशिव. पुढे वीस-पंचवीस किलोमीटर एसटी.

एसटी दर दहा मिनिटांनी नसते, मान्य. चौकशी खिडकीवर विचारावं लागतं, आपल्याला माणसांशी बोलायची सवय राहिली नाही हा भाग वेगळा. पण २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. गोरोबाकाकांच्या समाधीला निघालेल्या आजीला सोय सापडते, आणि आपल्याला नाही?

बरं, सोय नाही म्हणत सगळेच गाड्या काढणार. मग प्रवासी नाहीत म्हणून फेरी बंद होणार, आणि आजी फाट्यावर उभी.