पाचगणीची हवा आणि भिवंडीची छाती

'डॉक्टर, आता हवापालट करावी म्हणतो.' भिवंडीत दवाखाना चालवताना हे वाक्य वर्षातून दहा-वीस वेळा तरी कानी पडते. बोलणारा बहुधा साठीच्या आसपासचा असतो, उमर मागांच्या खडखडाटात गेलेली असते आणि मुले नोकरीसाठी बाहेर पडलेली असतात. अलीकडे असेच एक जोडपे आले. माग विकले होते, पाचगणीला भाड्याचे घर पाहून ठेवले होते. मुलांचा आक्षेप फक्त घरातल्या दोन कुत्र्यांना. छातीच्या दुखणेकऱ्याला नव्या जागी ही ब्याद कशाला, कुणाला तरी देऊन टाका, असे त्यांचे म्हणणे. एक कुत्रे पांढरे पॉमेरेनियन, दुसरे कारखान्याच्या दारात वाढलेले गावठी. मी म्हणालो, खुशाल जा आणि कुत्रीही न्या. मात्र पाचगणीच्या हवेवर आपल्या लोकांचा जो भाबडा विश्वास आहे, त्याविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे.

हा विश्वास जुना आहे. जॉन चेसन या इंग्रजाने १८६० च्या दशकात पाचगणी वसवली ती प्रकृती सुधारण्याचे ठिकाण म्हणूनच. पुढे १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी तेथे क्षयरोग्यांसाठी 'बेल-एअर' आरोग्यधाम काढले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी हाच उपचार. औषधे आल्यावर मद्रासला १९५६ पासून एक मोठी तपासणी झाली. काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की घरचे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले. म्हणजे क्षय बरा होतो तो गोळ्यांनी, डोंगराने नव्हे. हे आमच्या मागकामगारांना कळकळीने सांगावेसे वाटते. त्यांची हवापालट म्हणजे गावी जाणे. खोकला वाढला की गाडी पकडतात आणि गोळ्या मध्येच सुटतात. गावी जरूर जा, पण आधी येथल्या सरकारी क्षयरोग केंद्रात सांगा. उपचार गावच्या केंद्राकडे सोपवता येतात, एकही दिवस खंड पडण्याचे कारण नाही.

धुळीने झालेल्या दुखण्याची गोष्ट निराळी. कापसाच्या धुळीने छाती आवळते. सुरुवातीला सुट्टीनंतर कामावर परतलेल्या दिवशी त्रास होतो, पुढे तो रोजचा होतो. पिंजण आणि कताईच्या खात्यांत हे अधिक, मागांवर कमी. पण जोडीला विडी असली की दोन्ही मिळून फुप्फुसाची वाट लावतात. येथे जागा बदलणे हा खरोखर उपचार आहे, कारण धूळ थांबते. गेलेली ताकद मात्र परत येत नाही, राहिलेली टिकते. पाचगणीला महिनाभर राहून आलेला माणूस 'मोकळे वाटते' म्हणतो आणि इनहेलर कपाटात टाकतो, तेव्हा आम्हा डॉक्टरांना धडकी भरते.

शिवाय उंचीचाही हिशेब आहे. सुमारे १३०० मीटरवर प्रत्येक श्वासात भिवंडीपेक्षा साधारण १५ टक्के प्राणवायू कमी मिळतो. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही. ज्याला येथे एक जिना चढताना दम लागतो, त्याला जाणवते. थंडीत रक्तदाब चढतो, कोरड्या गार हवेने श्वासनलिका आवळतात, शेकोटीचा धूर वेगळाच. म्हणून निघण्यापूर्वी स्पायरोमेट्री करून घ्यावी, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घ्याव्यात. घर कायमचे घेण्याआधी एक पावसाळा आणि एक हिवाळा भाड्याने काढावा. मे महिन्यात पाहिलेले घर जुलैत बुरशीने काळे पडते. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो; वीसेक किलोमीटर अलीकडच्या पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. या जोडप्याची निवड त्या दृष्टीने शहाणपणाचीच. पण छातीत कळ आली तर रात्री, धुक्यात, पसरणीचा घाट उतरून वाई-साताऱ्याला कोण नेणार, हा प्रश्न घर पाहतानाच विचारून ठेवावा. वाहनवाल्याचा नंबर बागेतल्या गुलाबांपेक्षा महत्त्वाचा.

आता कुत्री. इतकी वर्षे कुत्री घरात असून त्यांच्यामुळे शिंका-धाप वाढलेली नसेल, तर दोष त्यांच्यावर ढकलू नये. वाढत असेल तर निजण्याच्या खोलीत घेऊ नये, एवढे पुष्कळदा पुरते. माझा पक्ष कुत्र्यांकडे झुकतो याला कारण आहे. नव्या गावात ओळखपाळख नसलेले दोन म्हातारे जीव थंडीत घरात कोंडून घेतात. चालणे बंद होते, बाईंची साखर चढते. डॉक्टरने 'रोज चाला' सांगून जे होत नाही, ते दारात उभे राहून भुंकणारे कुत्रे करून घेते. आणि मालक गेल्यावर गोदामांच्या रस्त्यावर सोडलेली पाळीव कुत्री मी पाहिली आहेत. त्यांचे पुढे काय होते ते लिहवत नाही.

नेताना रेबीजची लस चालू वर्षाची आहे ना, हे पाहावे; डिस्टेंपर आणि लेप्टोची लसही द्यावी. नव्या गल्लीतली कुत्री पाहुण्याला सहजासहजी आत घेत नाहीत, चावाचावी होतेच. सोडवायला गेलेल्या माणसाला दात लागला तर साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कुत्र्याला लस दिली आहे म्हणून टाळाटाळ नको. घाटात कुत्र्याला ओकारी होते, म्हणून निघण्याआधी चार-पाच तास खाणे बंद, पाणी मात्र द्यावे. पावसाळ्यात कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी रोज पाहाव्यात. गावठी कुत्रे पहिले काही आठवडे साखळीशिवाय सोडू नये, जुने घर शोधायला निघते. आणि दिवेलागणीनंतर दोघांनाही घरात घ्यावे. सह्याद्रीत बिबट्या आहे आणि कुत्रे त्याचे आवडते भक्ष्य. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. अंगणात बांधून ठेवलेल्या कुत्र्याला तर पळायलाही वाव नसतो.