सोडून दिलेला मासा

एलिझाबेथ बिशप यांची ‘द फिश’ ही १९४० साली प्रसिद्ध झालेली कविता साहित्याच्या विद्यार्थ्यांना अपरिचित नाही. गळाला लागलेला एक मोठा, जीर्ण मासा निवेदिका निरखून पाहते आणि अखेरीस पाण्यात सोडून देते. वर्गात या शेवटाचा अर्थ सहसा एका शब्दात सांगितला जातो : करुणा. सोडणारा संवेदनशील आणि घरी नेणारा क्रूर, असे सोपे समीकरण त्यातून तयार होते. हे समीकरण कवितेवर आणि माशावर, दोघांवरही अन्याय करते, असे मला वाटते.

बिशप यांचा मासा समुद्रातला. पण हे समीकरण तपासायचे तर अमेरिकेच्या उत्तर टोकाला, मिनेसोटात जावे. हिमनद्यांनी मागे ठेवलेली दहा हजारांहून अधिक तळी या राज्यात आहेत. तिथे हौशी मासेमारांमध्ये ‘पकडा आणि सोडा’ हा जणू सदाचार मानला जातो. तळ्यांचा हिशोब मात्र वेगळाच आहे.

पाइक हा तिथला अट्टल शिकारी. पाणवनस्पतींत तो निश्चल दबा धरतो आणि बाणासारखा झेपावतो. प्रसंगी स्वतःच्या जातीचे मासेही गिळतो. अनेक तळ्यांतून मोठे पाइक पकडून नेले गेले आणि लहान पाइकांची बेसुमार गर्दी झाली. ही भुकेली गर्दी पर्चसारखे छोटे मासे संपवू लागली. म्हणून २०१८ साली राज्याने नियम बदलले. राज्याच्या उत्तर-मध्य भागात दहा पाइक नेण्याची मुभा मिळाली. मात्र २२ ते २६ इंचांचा प्रत्येक मासा सोडायचा आणि २६ इंचांवरचे दोनच न्यायचे. अर्थात, लहान पाइक खाणे हेच तळ्याच्या हिताचे ठरले. तिथे सरसकट सोडून देणे ही करुणा नव्हे, निव्वळ सवय.

बासची गोष्ट उलटी. विणीच्या काळात नर बास तळाशी घरटे करतो, अंड्यांवर शेपटीने पाणी खेळते ठेवतो आणि पिल्लांची राखण करतो. अशा वेळी तो आमिषावर तुटून पडतो ते अनेकदा भुकेपोटी नव्हे, तर रक्षणासाठी. त्याला पकडून थोड्या वेळाने सोडले, तरी तेवढ्यात ब्लूगिलसारखे छोटे मासे घरटे फस्त करू शकतात. मासा जिवंत परतला. त्याचे घरटे मात्र उजाड झाले.

आणखी एक बाजू माणसांची. ओजिब्वे लोकांनी १८३७च्या करारात जमीन सोडली, पण तिथल्या शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. मिल लॅक्स इथल्या ओजिब्वेंचा हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली मान्य केला. ज्यांच्यासाठी मासा हा अन्न आणि वारसा आहे, त्यांना ‘तुम्ही सोडत का नाही?’ असे विचारणे हा पोट भरलेल्यांचा नीतिबोध झाला.

मग बिशप यांची कविता खोटी ठरते काय? मुळीच नाही. तिच्यात सोडण्याची कृती अगदी शेवटी, एका ओळीत उरकते. त्याआधी आहे ते दीर्घ, चिवट पाहणे. माशाची सोललेली कातडी, त्याचे डोळे, ओठात रुतलेले पाच जुने गळ. हा मासा कोण आहे, त्याचे आजवर काय झाले, हे कळल्यावरच निर्णय येतो. तोही त्या एका माशापुरता.

मराठीत ‘गळाला लागणे’ आणि ‘आमिष दाखवणे’ हे शब्दप्रयोग फसवणुकीसाठी रूढ आहेत. गळाला लागलेल्याचे पुढे काय करायचे, हे ते सांगत नाहीत. ते कोणता मासा, कोणते तळे, कोणता महिना आणि कोणाची भूक यावर ठरते. कविता शिकवतानाही तात्पर्याआधी हेच प्रश्न विचारले जावेत.