चंद्रावरची माती आणि पायाखालचा दगड

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीकच्या प्रदेशात अलगद उतरले आणि देशभर आनंदाला उधाण आले. त्या आनंदातून विज्ञान शाखेच्या अनेक विद्यार्थ्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. चंद्र, मंगळ यांच्या भूमीचा अभ्यास करावयाचा असेल तर बारावीनंतर थेट 'ग्रहांचे भूशास्त्र' याच विषयाची पदवी का घेऊ नये? मागणी दिसली की पुरवठा करणारे पुढे येतात, हा अर्थशास्त्राचा साधा नियम शिक्षणालाही लागू आहे. तेव्हा अशा आकर्षक नावांच्या पदव्या निघण्यापूर्वीच या प्रश्नाचा शांतपणे विचार झालेला बरा.

हा विषय काल्पनिक कुतूहलाचा नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. चांद्रयान-३ च्या 'प्रज्ञान' या गाडीवर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने घडविलेले एक उपकरण होते. त्याने केलेल्या मातीच्या पृथक्करणाचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील मातीची घडण अॅनॉर्थोसाइट जातीच्या खडकाशी जुळते, असे आढळले. चंद्राचा पृष्ठभाग एके काळी वितळलेल्या शिलारसाचा महासागर होता, या उपपत्तीला त्यामुळे बळ मिळाले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान-४ ला संमती दिली असून चंद्रावरची माती पृथ्वीवर आणणे हा त्या मोहिमेचा हेतू आहे. ती माती तपासणारी माणसे देशातच तयार व्हावीत, ही अपेक्षा रास्तच होय.

प्रश्न आहे तो ही माणसे कशी तयार होतात हा. चंद्रावरचा अॅनॉर्थोसाइट ओळखण्यासाठी पृथ्वीवरचा अॅनॉर्थोसाइट हाताळलेला असावा लागतो. चांद्रयान-२ च्या पूर्वतयारीत चंद्राच्या मातीची प्रतिकृती करण्यासाठी तामिळनाडूतील नामक्कलच्या परिसरातील याच जातीचा खडक दळून वापरण्यात आला होता. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ मधून चंद्रावर उतरलेला हॅरिसन श्मिट हा तेथे पाऊल ठेवणारा पहिला व्यावसायिक भूवैज्ञानिक. एका विवराच्या काठावरची नारिंगी माती त्याच्या नजरेने टिपली आणि ती ज्वालामुखीजन्य काचेच्या कणांची असल्याचे पुढे सिद्ध झाले. ती नजर पृथ्वीवरच्या खडकांच्या अभ्यासातूनच तयार झाली होती.

या बाबतीत महाराष्ट्राचे भाग्य विशेष आहे. दख्खनचे पठार ज्या काळ्या बेसॉल्टचे बनले आहे, त्याच कुळातील खडकाने चंद्रावरचे काळसर डाग व्यापले आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर बेसॉल्टमध्ये अशनीच्या आघाताने पडले आहे. असे विवर पृथ्वीवर अत्यंत दुर्मिळ. एके काळी ते ज्वालामुखीचे मुख समजले जाई. १९७० च्या दशकात तळाशी वेधन करून काढलेल्या नमुन्यांत प्रचंड आघाताच्या खुणा सापडल्या आणि वाद मिटू लागला. खडकाचा बारीक चुरा सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येणाऱ्यांनीच हा निकाल दिला, हे विसरता कामा नये.

आता व्यवहाराची बाजू. २००८ ते २०२३ या पंधरा वर्षांत भारताने चंद्र व मंगळ मिळून चार मोहिमा पाठविल्या. ही कामगिरी अभिमानास्पद खरी; पण या क्षेत्रातील जागा मोजक्याच आहेत आणि त्याही बहुतांशी संशोधनाच्या, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणानंतरच्या. उलट भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक व्हावयाचे तर संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला भूशास्त्र किंवा त्याच्या ठराविक शाखांमधील पदव्युत्तर पदवी लागते. अनोळखी नावाची पहिली पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला त्या वाटेवर पात्रतेचा पहिलाच अडसर लागण्याचा धोका आहे. ज्या घरात पदवी हेच एकमेव भांडवल असते, तेथे ते न वटणाऱ्या हुंडीत गुंतविण्याचा सल्ला कोणी देऊ नये.

यावर असे म्हटले जाईल की, शिक्षणाचे मोल केवळ नोकरीत मोजू नये. हा आक्षेप योग्यच आहे. परंतु समाजाच्या गरजेच्या मापानेही उत्तर तेच येते. ३० जुलै २०१४ रोजी माळीण, २२ जुलै २०२१ रोजी तळिये आणि १९ जुलै २०२३ रोजी इर्शाळवाडी ही गावे दरडींखाली गेली. इर्शाळवाडीनंतर जेमतेम पाच आठवड्यांनी यान चंद्रावर उतरले. मुरलेल्या बेसॉल्टचा उतार पावसाळ्यात केव्हा सुटेल, कोणत्या वस्तीखालची जमीन धोक्याची आहे, विहिरीला पाणी कोठे लागेल, या प्रश्नांची उत्तरे देणारे भूशास्त्रज्ञ महाराष्ट्राला हवे आहेत. पाया पक्का असलेला पदवीधर दोन्ही कामे करू शकतो. केवळ ग्रहांची चित्रे पाहून पदवी मिळविलेल्याला यांतील एकही जमणार नाही.

म्हणून मार्ग मधला घ्यावा. मुख्य विषय भूशास्त्रच असावा. जोडीला भौतिकी, रसायन व गणित यांची भक्कम साथ असावी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मुख्य विषयाबरोबर गौण विषय घेण्याची मुभा दिलीच आहे. शेवटच्या वर्षी ग्रहांच्या भूशास्त्राची एक-दोन ऐच्छिक पत्रिका ठेवाव्यात आणि लोणारची क्षेत्रभेट सक्तीची करावी. मोहिमांनी पाठविलेली छायाचित्रे व नोंदी इस्रो आणि नासा अभ्यासकांना विनामूल्य देतात. तेव्हा खर्चाची सबबही उरत नाही. चंद्राच्या ओढीने चार मुले अधिक भूशास्त्राच्या वर्गात आली, तर ती स्वागतार्हच आहेत. मात्र त्यांच्या हाती पहिल्या दिवशी हातोडा आणि पायाखालचा दगड द्यावा. चंद्राकडे जाणारी वाट तेथूनच सुरू होते.