नंदुरबारच्या श्रमाची नोंद कोण ठेवणार?

गिरण्या बंद पडल्या, तेव्हा त्यांच्या कामगारांचे चेहरे निदान छायाचित्रांत तरी उरले. कोयता घेऊन दरवर्षी सीमेपलीकडे जाणाऱ्या आदिवासी मजुरांच्या वाट्याला तेवढेही येण्याची चिन्हे नाहीत. ऊसतोडीत यंत्रांचा शिरकाव होत असताना या प्रश्नाचा विचार तातडीने होणे आवश्यक आहे.

होळीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्याकडे छायाचित्रकारांची पावले वळतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी, मोरपिसांचे टोप, कमरेला बांधलेले भोपळे व घुंगरू आणि रात्रभर घुमणारे ढोल यांची छायाचित्रे राज्यभरातील वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होतात. एरवी या जिल्ह्याचे छायाचित्र छापून येते ते प्रामुख्याने कुपोषणाच्या किंवा रुग्णाला झोळीतून नेल्याच्या बातमीसोबत. सण आणि संकट या दोन चौकटींपलीकडचा नंदुरबार बाहेरच्या वाचकाला क्वचितच दिसतो. होळीच्या रिंगणात नाचणाऱ्यांपैकी अनेक जण काही दिवसांपूर्वीच परराज्यातील उसाच्या फडातून किंवा बांधकामावरून परतलेले असतात, ही बाब त्या छायाचित्रांतून कळत नाही. आदिवासी हा कामगारही आहे, याची नोंद कॅमेऱ्याने पुरेशी घेतलेलीच नाही.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास असून त्यातील सुमारे ६९ टक्के अनुसूचित जमातींची आहे. नवापूरचे रेल्वे स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे. पावसाळी पीक हाती आले की सातपुड्याच्या पायथ्यापासून नवापूरपर्यंतच्या गावांतील कुटुंबे दक्षिण गुजरातमधील साखर कारखान्यांकडे, सुरतेच्या बांधकामांकडे आणि त्याहूनही दूरच्या शेतांकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायकोची जोडी एक कोयता म्हणून राबते. हिशेब कोयत्याचा होतो. त्यात पुरुषाचे नाव कसेबसे येते, स्त्रीचे बहुधा येतच नाही आणि मोळ्या उचलू लागलेल्या मुलांचे तर नाहीच नाही.

या श्रमाचे मोल मागण्याची परंपरा जिल्ह्याला नवी नाही. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी शहादा-तळोदा परिसरात अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमिक संघटनेच्या माध्यमातून आदिवासी सालदार व शेतमजुरांनी जमिनीसाठी आणि मजुरीसाठी लढा दिला. त्या लढ्याने येथील आदिवासीची कष्टकरी म्हणून ओळख महाराष्ट्राला करून दिली. पुढे ही ओळख सार्वजनिक स्मृतीतून पुसट होत गेली.

याउलट गिरणी कामगारांचे उदाहरण आहे. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी थंडावत गेली आणि गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. मात्र गिरणगाव विस्मृतीत गेले नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या मौखिक इतिहासाचे संकलन २००४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. बंद गिरण्या, चाळी आणि संपाचे मोर्चे छायाचित्रकारांनी टिपून ठेवले. अहमदाबादेत तर एक लाखाहून अधिक गिरणी कामगारांचा रोजगार गेल्यानंतर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन आणि छायाचित्रकार पार्थिव शाह यांनी 'वर्किंग इन द मिल नो मोअर' हे पुस्तकच सिद्ध केले. तेही २००४ मध्येच प्रसिद्ध झाले. गिरणी सुटलेला माणूस पुढे कसा जगतो, हा त्याचा विषय होता.

लक्षणीय बाब अशी की, याच ब्रेमन यांनी त्याआधी सत्तरच्या दशकात बारडोली परिसरातील साखर कारखान्यांच्या ऊसतोड मजुरांचा सखोल अभ्यास केला होता. त्या मजुरांत खानदेशातून आलेल्यांचा मोठा वाटा होता आणि आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हाच्या खानदेशाचाच भाग होता. म्हणजे एकाच अभ्यासकाने गिरणी कामगार आणि ऊसतोड मजूर या दोन्ही वर्गांवर लिहिले. पहिल्याच्या वाट्याला छायाचित्रांचा स्वतंत्र ग्रंथ आला; दुसऱ्याची ओळख मुख्यतः अभ्यासकांच्या लेखांपुरती राहिली.

या फरकाची कारणे त्या दोन प्रकारच्या श्रमांतच आहेत. गिरणीला चिमणी होती, फाटक होते, भोंगा होता. कामगारांच्या चाळी ठरलेल्या होत्या, त्यांची संघटना होती, त्यांची नावे हजेरीपटावर होती. गिरणी ज्या दिवशी बंद झाली त्या दिवसाची तारीख सांगता येत असे आणि फाटकावरच्या कुलपाचे छायाचित्र काढता येत असे. नंदुरबार जिल्ह्यात सहकारी साखर कारखाने आले, सूतगिरण्या आल्या. परंतु गिरणगावासारखी स्थिर कामगार वस्ती उभी राहिली नाही. बहुसंख्य कष्टकऱ्यांचा कारखाना म्हणजे सीमेपलीकडचा फड आणि घर म्हणजे फडाजवळच्या पडावावरील चार महिन्यांची खोपी. हंगाम संपला की पडाव उठतो आणि मागे कोणतीही खूण राहत नाही.

अशा रोजगाराचा ऱ्हासही गाजावाजा न करता होतो. ऊसतोडणी यंत्रांच्या खरेदीला राज्य शासनाने अलीकडच्या काळात अनुदान देऊ केले आहे. मजुरांचा तुटवडा, उचलीची बुडवणूक, हंगाम लांबणे ही कारणे कारखानदार आणि बागायतदार पुढे करतात व ती सर्वस्वी खोटी नाहीत. ऊसतोडीसारखे कंबरडे मोडणारे काम यंत्राने करावे, याला तत्त्वतः विरोधही करता येणार नाही. तथापि गिरणी बंद झाली तेव्हा थकीत देणी, भविष्यनिर्वाह निधी, पुढे घरे या मागण्या करता आल्या, कारण अमुक माणूस अमुक गिरणीत कामाला होता हे सिद्ध होऊ शकत होते. मुकादमाने एखाद्या वर्षी टोळीच भरली नाही, तर त्या टोळीतील माणूस वीस वर्षे ऊस तोडत होता हे कशाच्या आधारे सिद्ध होणार? राज्यात ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे; मात्र कल्याणाच्या कोणत्याही योजनेत पहिला प्रश्न पुराव्याचाच असतो.

कायद्याने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानुसार कंत्राटदाराने प्रत्येक मजुराला पासबुक देणे बंधनकारक होते. त्यावर मजुराचे छायाचित्र चिकटवून आस्थापनेचे नाव, कामाचा कालावधी, मजुरीचा दर आणि कपाती यांची नोंद त्याला समजणाऱ्या भाषेत करावी, अशी तरतूद होती. चेहरा आणि काम यांची सांगड एकाच कागदावर घालण्याची ही कल्पना द्रष्टेपणाची होती. तिची अंमलबजावणी मुकादमी पद्धतीत कितपत झाली असेल, हे वेगळे सांगायला नको. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितांनी त्या कायद्याची जागा घेतली आहे. दुसरीकडे, देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी वितरित झाले ते नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी. म्हणजे शासनाच्या कॅमेऱ्याने येथील माणसाचा चेहरा देशात सर्वांत आधी टिपला. पण तो माणूस कोण, एवढेच त्या छायाचित्रातून सिद्ध होते. त्याने कुठे, किती आणि कोणासाठी श्रम केले, याविषयी ते मूक असते.

कामाची नोंद असलेले छायाचित्र काय साधू शकते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. लुईस हाइन याने १९०८ पासून बालमजुरांची छायाचित्रे काढली. प्रत्येक छायाचित्रासोबत मुलाचे नाव, वय, कारखाना आणि गाव यांच्या नोंदी तो शक्य तितक्या काटेकोरपणे ठेवी. त्यामुळे ती छायाचित्रे करुणेचा विषय न राहता पुरावा ठरली आणि बालमजुरीविरोधी मोहिमेला तिने मोठे बळ दिले. याउलट डोरोथिया लँग हिने मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे मटारतोडणीच्या छावणीत टिपलेले 'मायग्रंट मदर' हे छायाचित्र जगप्रसिद्ध झाले. पण त्या स्त्रीचे नाव लँगने टिपून घेतले नव्हते. छायाचित्र छापून आल्यावर छावणीकडे अन्न रवाना झाले, तोवर ते कुटुंब कामाच्या शोधात पुढे निघून गेले होते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव जगाला कळले १९७८ मध्ये. आपल्या त्या छायाचित्राचा आपल्याला काहीच लाभ झाला नाही, अशी खंत तिने व्यक्त केली. ती चेरोकी या आदिवासी वंशाची होती, हा योगायोग नंदुरबारच्या संदर्भात अधिकच बोलका आहे.

महाराष्ट्रालाही असा अनुभव आहे. टाळेबंदीच्या काळात ८ मे २०२० रोजी करमाडजवळ मालगाडीखाली १६ स्थलांतरित मजुरांचा बळी गेला. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे ते मध्य प्रदेशातील मजूर होते. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र देशभर पोहोचले आणि सर्वांना हेलावून गेले. त्या मजुरांचे कारखान्यातले काम, त्यांची कौशल्ये, त्यांची मजुरी यांचे चित्र मात्र कोणाच्या डोळ्यांपुढे उभे राहिले नाही. आपत्तीनंतर पोहोचणारा कॅमेरा मृत्यूची नोंद करतो, श्रमाची नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातील. छायाचित्राने पोट भरत नाही, हा पहिला. तो खरा आहे; पण पुराव्याअभावी हक्काची रक्कम बुडते, हेही तितकेच खरे आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गरिबीचे प्रदर्शन मांडून बाहेरच्यांनी पारितोषिके मिळवायची आणि मजुराने तसेच राहायचे, हा व्यवहार नवा नाही. शिवाय पडावावर छायाचित्र काढू दिले म्हणून पुढील हंगामात काम नाकारले जाण्याची भीती मजुराला वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच छायाचित्र कोणी काढले, कोणाच्या संमतीने काढले आणि ते कोणाकडे राहते, या प्रश्नांना महत्त्व आहे.

या प्रश्नांची उत्तरे काही ठिकाणी शोधली गेली आहेत. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे सिर्का-लिसा कोंटिनेन या छायाचित्रकार बायकर या कामगार वस्तीत राहायलाच गेल्या आणि पाडकामाखाली नाहीशा होत चाललेल्या त्या वस्तीचे दस्तऐवजीकरण त्यांनी केले. त्यांचे पुस्तक १९८३ मध्ये आले. भारतात पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत ग्रामीण स्त्रियांच्या श्रमांची छायाचित्रे काढली आणि त्यांचे प्रदर्शन कलादालनांपुरते न ठेवता कारखान्यांच्या फाटकांवर, बस व रेल्वे स्थानकांवर नेले. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे काम वर्षानुवर्षे टिपले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. या सर्वांनी एकाच विषयाला वर्षे दिली आणि माणसाला त्याच्या कामासह पाहिले.

नंदुरबारसाठी असे काम उभारणे अशक्य नाही. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे कार्यक्षेत्र या जिल्ह्यापर्यंत आहे. आदिवासी जीवनाच्या दस्तऐवजीकरणाची जबाबदारी असलेली आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यात आहे. आज पडावावरील तरुणांच्या हातीही कॅमेरा असलेला मोबाइल आहे. त्यांनी स्वतः काढलेली छायाचित्रे, सोबत नाव, गाव, कारखाना, मुकादम आणि हंगामाचे वर्ष अशी नोंद, त्याची एक प्रत कुटुंबाकडे आणि एक संग्रहात, एवढी व्यवस्था झाली तरी मोठा दस्तऐवज उभा राहील. त्यात कोयत्याच्या दुसऱ्या निम्म्या भागाचे, म्हणजे स्त्रीचे, नाव स्वतंत्रपणे नोंदवले जावे. नाव उघड करायचे की नाही, याचा निर्णय मात्र त्या कुटुंबाचाच असावा. नवापूर आणि नंदुरबारच्या स्थानकांवर हे प्रदर्शन मांडले गेले, तर ज्यांची ती छायाचित्रे आहेत त्यांनाच ती सर्वप्रथम पाहता येतील.

गिरणगावाच्या बाबतीत समाजाला हे भान आले तोवर बहुतेक भोंगे थांबले होते. फडावरचे कोयते अजून थांबलेले नाहीत. पुढील काही हंगामांत यंत्रे वाढत जातील, टोळ्या लहान होत जातील आणि वीस-वीस वर्षे ऊस तोडलेली माणसे गावी परततील. त्या वेळी शासनाच्या दारात उभे राहून आपण कामगार होतो असे सांगण्यासाठी त्यांच्या हाती काही तरी असायला हवे. त्याची तयारी करण्याचा काळ हाच आहे.