झेनचा मॅनिफोल्ड आणि चिमूटभर दाणे

मागच्या पावसाळ्यात आमच्या पेडण्याच्या घरी एका अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावरून बाप-लेकात आठवडाभर अबोला होता. तो तुकडा म्हणजे बाबांच्या १९९७ सालच्या मारुती झेनचा इनटेक मॅनिफोल्ड.

बॉनेट कधी उघडलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कार्ब्युरेटरमधून निघालेलं हवा आणि पेट्रोलचं मिश्रण चार सिलिंडरांना वाटून देणारा, चार बोटांच्या पंजासारखा हा पोकळ ओतीव भाग. झेन बाजारात आली १९९३ मध्ये. तिचं ९९३ सीसीचं इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं, आणि त्या काळात आपल्याकडे ही कौतुकाची गोष्ट होती. बाबा डिचोलीच्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये होते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा आसपासच्या कितीतरी लोकांनी टिपर विकले, काहींचे दारातच गंजले. बाबांची नोकरी गेली, पण गाडी त्यांनी ठेवली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासून ती वाढवून घ्यावी लागते. ते काम बाबा देवकार्यासारखं करतात.

मी घरून काम करतो. एका रविवारी बॉनेट उघडलं तर मॅनिफोल्डवर पिठासारखी पांढरी पूड. हरमलचा समुद्र जवळ, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, दुसरं काय होणार! खरं तर अ‍ॅल्युमिनियम स्वतःची काळजी स्वतः घेतं. हवा लागताच त्यावर ऑक्साइडची काही नॅनोमीटर जाडीची कातडी धरते आणि आतला धातू वाचतो. खाऱ्या हवेतला क्षार ही कातडी जागोजागी फोडतो, तिथे बारीक खड्डे पडतात आणि पांढरी पूड साचते. आंबट आणि सोडा हे तिचे आणखी दोन शत्रू. ‘जर्मनच्या टोपात सोलकढी ठेवू नकोस’ असं आजी म्हणायची, ते रसायनशास्त्रच होतं. मी मात्र ते विसरून एक जहाल क्लीनर मारला आणि पांढऱ्याचं काळं करून ठेवलं.

मग हट्टाला पेटलो. बाबांना न विचारता मॅनिफोल्ड उतरवला. कूलंट काढलं, कार्ब्युरेटर बाजूला केला, नट सोडले. व्हिडिओंमध्ये लोक आरशासारखे मॅनिफोल्ड दाखवतात, तसा मला हवा होता. ओतकामाची खरबरीत कातडी आधी ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायची, मग ४००, ६००, ८००, १००० असं ओल्या कागदाने चढत जायचं आणि शेवटी कापडी बफवर कंपाउंड लावून चमक आणायची. एका बोटाला माझा अख्खा रविवार गेला. (करणार असाल तर मास्क लावा, आणि ही धूळ ग्राइंडरच्या ठिणग्यांपासून लांब ठेवा. अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते.)

व्हिडिओवाले आतूनही आरसा करायला सांगतात. तो मोह टाळा. कार्ब्युरेटरच्या इंजिनात पेट्रोलचे थेंब हवेबरोबर वाहत असतात. भिंत थोडी खरबरीत असली तर ओघळलेलं पेट्रोल पुन्हा हवेत मिसळायला मदत होते. गुळगुळीत भिंतीवर त्याचा ओघळ तसाच पुढे सरकतो.

चारही बोटं चकाकली. पंधरा दिवसांत श्रावणाच्या दमट हवेने ती पुन्हा मळकी झाली. आई देवघरातली डिचोलीची समई पुसत होती. तिथूनच म्हणाली, ‘‘ही चकाकते, कारण मी हिला दर सणाला घासते. तुझ्या त्या पंजाला कोण घासणार?’’

खरंच होतं. म्हणून ठरवलं, चमक राहू दे, कोटिंग करू. आता गंमत बघा. ज्या गुळगुळीतपणासाठी मी चार रविवार घालवले, त्यावर कोटिंग नीट धरतच नाही. त्याला पकड लागते, म्हणजे पृष्ठभाग पुन्हा खरबरीत करायचा. अ‍ॅनोडायझिंगचाही विचार केला होता, पण ओतीव मिश्रधातूत सिलिकॉन बरंच असतं, त्यामुळे रंग करडा आणि डागाळलेला येतो. शेवटी पावडर कोटिंगवर आलो. पावडर उडवायची आणि भट्टीत सुमारे २०० अंशांवर भाजायची. अ‍ॅल्युमिनियम ६६० ला वितळतं, त्यामुळे ती भीती नाही. मात्र जुन्या ओतकामाच्या छिद्रांत तेल मुरलेलं असतं. भाग आधी एकदा कोराच भाजून घेतला नाही तर ते तेल भट्टीत बाहेर येतं आणि कोटिंगला फोड येतात. गॅस्केट बसते त्या सपाट बाजूंना आणि आट्यांना कोटिंग लागता कामा नये, तिथे टेप आणि बूच हवेत.

हे सगळं मी कारागिराला कागदावर लिहून दिलं. त्याने ब्लास्टिंग करून, भाजून, काळा सुरेख मॅनिफोल्ड हातात ठेवला. लिहायचं राहिलं ते एकच: ब्लास्टिंगच्या आधी चारही तोंडं बंद करा. चूक माझीच.

संध्याकाळी तो बसवायला घेतला तेव्हा बाबा पडवीतून उठून आले. आठवडाभरातलं पहिलं वाक्य बोलले, ‘‘भितर कोण पळयता?’’ खाणीवरची कोकणी! त्यांनी जुना पेपर पसरला, मॅनिफोल्ड उलटा धरला आणि लाकडी हातोडीने हळूहळू टकटक केली. सुरुवातीला काहीच नाही. मग कोपऱ्यातल्या बोटातून कागदावर बारीक तपकिरी दाणे पडले. चिमूटभर असतील.

माझ्या पोटात गोळा आला. एअर फिल्टर असतो कार्ब्युरेटरच्या आधी आणि मॅनिफोल्ड त्याच्या नंतर. म्हणजे या दाण्यांना अडवणारं पुढे काहीच नव्हतं. ३००० आरपीएमला हे इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त साधारण दीड हजार लिटर हवा ओढतं. दाणे थेट सिलिंडरमध्ये गेले असते. ब्लास्टिंगचे असले तपकिरी दाणे बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. ज्या पातळ कातडीचं मी वर कौतुक केलं, तोच पदार्थ दाण्याच्या रूपात एवढा कठीण की माणिक आणि नीलम त्याचेच. पिस्टन रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती त्यांनी थोड्याच दिवसांत खरवडून टाकल्या असत्या. तपासणीला न्यायला इंजिनच उरलं नसतं.

पुढचे दोन तास आम्ही दोघं अंगणात बसलो होतो. साबणाचं कोमट पाणी, बाटल्या धुवायचे ब्रश, मग हवेच्या पंपाची फुंक, पुन्हा टकटक, पुन्हा पाणी. पाच वेळा केलं. चौथ्या वेळी मला वाटलं झालं, तेव्हा बाबांनी पांढरं फडकं आत फिरवून दाखवलं. त्यावर अजून दोन दाणे होते. थांबायची वेळ कोणती ते मी नाही, त्या फडक्याने ठरवलं.

नवीन गॅस्केट घातली. नट मधून बाहेर, थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. गाडी सुरू झाल्यावर बाबांनी रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं जोडावर फिरवलं. कुठे सुसकारा ऐकू येतो का ते पाहायला. तिथून हवा शिरत असेल तर इंजिन रिकामं चालताना अडखळतं. सगळं गप्प होतं.

परवा कोलवाळ, थिवी, अस्नोडा करत आम्ही डिचोलीला आत्याकडे गेलो. तिथे बाबांनी शेजाऱ्याला बोलावून बॉनेट उघडलं. ‘‘रंग पोराने दिलाय,’’ म्हणाले. दाण्यांचं काही बोलले नाहीत.