झोन तीन, म्हणजे विषय संपला?

पनवेल भूकंपाच्या झोन तीनमध्ये येतं. 'मध्यम धोका' एवढं म्हटलं की आपल्याकडे विषय उरकतो. चार मजली इमारतीसाठी ही एक ओळ कदाचित पुरेल. कचऱ्याच्या डोंगरासाठी ती पुरत नाही आणि पनवेलकरांनी ती चालवून घेऊ नये.

आपल्याकडे काय काय आहे ते बघा. तळोजा एमआयडीसीत कारखान्यांच्या घातक कचऱ्याची सामायिक विल्हेवाट सुविधा आहे. जवळून कासाडी नदी वाहते. २०१७ मध्ये निळ्या कुत्र्यांचे फोटो फिरले होते ना, तीच. आणि याच परिसरातून 'पनवेल फ्लेक्शर' जातं. घाटावर जवळपास आडवे असलेले लाव्हाचे थर इथे वाकून समुद्राकडे झुकतात. भूशास्त्राच्या शोधनिबंधांत आपल्या गावाचं नाव येतं ते या वाकणामुळे. हा पट्टा आज किती सक्रिय आहे यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. मग ज्याबद्दल मतभेद आहेत ते त्या जागेवर जाऊन मोजायला नको?

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला यात एक ओळखीचा रोग दिसतो. आयएस १८९३ या मानकात झोन तीनचा गुणांक ०.१६ आहे. मुंबई, पुणे, पनवेल, सगळ्यांना तोच. ही डिफॉल्ट व्हॅल्यू आहे. जमिनीचे तीन ढोबळ प्रकारही मानकात आहेत, पण खाडीचा चिखल, वरचा भराव आणि त्यावर पावसात भिजलेला कचरा एकत्र कसा हलेल, हे त्या तक्त्यात सापडणार नाही. त्यासाठी बोअर घ्यावे लागतात, जागेचा स्वतंत्र अभ्यास करावा लागतो.

'इथे कुठे मोठा भूकंप झालाय?' हा प्रश्न ठरलेला. किल्लारीतही झाला नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत ते गाव सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होतं. हजारो माणसं गेली. नंतर २००२ च्या नकाशात झोन एकच रद्द झाला. त्याआधी १९६७ मध्ये कोयनेनेही दख्खनचं पठार 'स्थिर' असल्याचा समज मोडला होता. आपल्याकडे नकाशा भूकंपानंतर सुधारतो. इमारत नंतर मजबूत करता येते. लाखो टन कचऱ्याखालचं अस्तर नंतर कसं बदलणार?

खरी मेख त्या अस्तरात आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार शहरी क्षेपणभूमीच्या तळाशी ९० सेंटिमीटर चिकणमाती आणि तिच्यावर १.५ मिलिमीटर जाडीचं एचडीपीई प्लास्टिक लागत होतं. ओल्या मातीवर प्लास्टिक म्हणजे घसरगुंडी. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात कॅलिफोर्नियातल्या चिकिटा कॅन्यन क्षेपणभूमीचं अस्तर फाटलं. डोंगर काही कोसळला नाही. म्हणजे वरून सगळं ठीक दिसत असतानाही अस्तर गेलेलं असू शकतं. तळोज्यात तसं झालं तर विषारी पाणी आधी विहिरींत, मग कासाडीत, मग खाडीत आणि शेवटी कोळ्यांच्या जाळ्यात.

त्याच २०१६ च्या नियमांत क्षेपणभूमी नदीपासून १०० मीटर, तलावापासून २०० मीटर, विमानतळापासून २० किलोमीटर हवी, असं लिहिलं होतं. भूभ्रंशापासून किती, हे त्या यादीत नव्हतं. बंद झाल्यावर देखभाल किमान १५ वर्षं होती. अमेरिकेच्या १९९१ च्या नियमांत अलीकडच्या भूवैज्ञानिक काळात हललेल्या भ्रंशापासून ६० मीटर अंतर आहे आणि धोका २५० वर्षांच्या हिशेबाने धरतात. शिसं, पारा, कॅडमियम पंधरा वर्षांनी निवृत्त होत नाहीत.

कोणत्या कंपनीने कमी काम केलं, असा माझा आरोप नाही. चांगलं केलं असेल तर दाखवायला हरकत काय? पनवेल तालुक्यातल्या प्रत्येक क्षेपणभूमीचा भूकंप अभ्यास मराठीत, सर्वांसाठी खुला करा. उताराची गणितं भर पावसाळ्यातली पातळी धरून करा. प्रत्येक जाणवलेल्या धक्क्यानंतर भोवतालच्या विहिरींचं पाणी तपासा आणि आकडे लावा.

खर्च होईल, मान्य. पण आज हा खर्च कारखान्यांच्या वहीत जाईल. उद्या तो कासाडीकाठच्या गावांच्या नावावर चढेल, आणि त्यांना विचारायला कुणी येणार नाही.