श्वासाचे माप

छाती जितकी रुंद तितका श्वास मोठा, अशी सर्वसाधारण समजूत असते. जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने १८४६ साली ती खोटी ठरविली. पाण्यावर उपडे तोलून धरलेले भांडे फुंकरीने किती वर उचलले जाते, यावरून श्वास मोजणारे ‘स्पायरोमीटर’ त्याने तयार केले व खलाशी, शिपाई, मुष्टियोद्धे अशा २,१३० लोकांना त्यात फुंकावयास लाविले. श्वासाचे प्रमाण छातीच्या घेराशी नव्हे, तर उंचीशी जुळते, असे त्यास आढळले.

स्वस्थ बसलो असता आपण एका श्वासात सुमारे ५०० घन सेंटिमीटर हवा आत घेतो. नेटाने ओढल्यास आणखी ३,००० घेता येते, आणि सहज श्वास सोडल्यावरही जोर लाविला तर हजार-अकराशे बाहेर घालविता येते. एवढे करूनही सुमारे १,२०० घन सेंटिमीटर हवा फुप्फुसांत उरतेच. ती काही केल्या बाहेर पडत नाही. आणि हे बरेच आहे, कारण फुप्फुसांत हवा राहिल्यामुळेच वायुकोश मिटून जात नाहीत.

आता घरच्या मंडळींच्या उपयोगाचा हिशेब पाहू. प्रत्येक श्वासातील सुमारे १५० घन सेंटिमीटर हवा नाक, घसा व श्वासनलिका यांतच राहते. रक्ताला तिचा उपयोग नाही. मिनिटास ५०० चे १२ श्वास घेणाऱ्याच्या वायुकोशांत ४,२०० घन सेंटिमीटर ताजी हवा पोहोचते. २५० चे २४ श्वास घेणारा तितकीच हवा ओढतो, परंतु त्याच्या पदरी अवघी २,४०० पडते! धापा टाकण्यात श्रम अधिक व प्राप्ती कमी, ती अशी.

पोटाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण वेदनेमुळे असाच उथळ श्वास घेतो. मग फुप्फुसांच्या तळाचे वायुकोश मिटू लागतात, कफ साचतो व न्यूमोनियाचे भय उत्पन्न होते. अशा वेळी समाचारास आलेले आप्त “हलू नका, निपचित पडून राहा” असा सल्ला देतात, तो प्रेमाचा खरा, पण घातक. डॉक्टरांची मनाई नसल्यास रुग्णास टेकवून बसवावे, जखमेवर उशी धरावयास द्यावी आणि जागेपणी दर तासाला काही दीर्घ श्वास घ्यावयास सांगावे.

रोझरीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी माणसांकडून ‘आवे मारिया’ ही प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणवून घेतली, तेव्हा त्यांचा श्वास मिनिटास सुमारे ६ वर आला. योगातील मंत्राचाही परिणाम तोच दिसला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. रोझरी दीर्घ श्वासांची जागा घेणार नाही. मात्र रुग्णाच्या उशाशी ती म्हणताना घाई करू नये, त्यालाही सावकाश साथ देता येईल अशा बेताने म्हणावी.